सगळ्या हाका एकाच डोक्याला

"मशीनला चार डोकी हायेत मालक, मला एकच हाय!" असं ओरडून अप्पा स्वतःच्या टकलावर खाडकन चापट मारायचे, आणि तरीही उठून जायचे. त्या उठण्याचाच मला राग यायचा. अजून येतो.

सोलापुरात घरोघरी इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तक्रारीचे फोन घेते. सगळ्यांचं इंटरनेट ज्यातून जातं, ते तिथलं मुख्य मशीन अप्पा सांभाळायचे. खरं तर सगळंच सांभाळायचे. प्रिंटर अडला, अप्पा. मालकांच्या सुनेचा मोबाईल बंद पडला, अप्पा. एसी गळतोय, बोलवा अप्पांना! असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. जरा बघा त्याच्याकडे.

मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून मशीन समजावलं. "हे बघा अक्का, पेठेची वायर ह्या कार्डात, एमआयडीसीची त्या कार्डात. काम आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारतंय. प्रोसेसर चार हायेत. पण आपण काय सांगितलं न्हाय, तर समद्या हाका पयल्यालाच! त्यो मरतोय, आन् बाकीचे तिघं तंबाखू मळत बसल्यात." मग कुठल्या कार्डाची हाक कुठल्या प्रोसेसरनं घ्यायची, ते त्यांनी टाइप करून दाखवलं. चार ओळींचं काम. दोनदा माझ्याकडूनही करून घेतलं. "पण मशीन बंद झालं की समदं इसरतंय. परत सांगावं लागतंय."

"मग मशीन सुरू होतानाच आपोआप होईल असं लिहून ठेवा की."

"मालक न्हाय म्हणत्यात."

सुरू होताना मशीन जी फाइल वाचतं, तिच्यात पूर्वी बाहेरच्या कुणा इंजिनियरनं हात घातला होता आणि मशीन उठलंच नव्हतं म्हणे. तेव्हापासून त्या फाइलला कुणी शिवायचं नाही, असा मालकांचा दम. म्हणजे वीज गेली, बॅटरी संपली, की सुट्टी असो नाहीतर सण, अप्पांनी धावत यायचं. सोपा उपाय हाताशी असताना माणूस पळवायचा, ह्याला काय म्हणावं?

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर अक्कलकोटला अप्पांच्या आईचं जास्त झालं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. म्हातारी नुसती कानडीत "मगा, मगा" करायची, म्हणजे लेकाला हाका मारायची. अप्पांनी पहिल्यांदाच सुट्टी मागितली. जाताना मालकांपुढे हात जोडले, "तेवढं मशीन बंद करू नका. मला आईपाशी बसू द्या."

त्यातच खंडेनवमी आली. मालक जुने लूमवाले. वडिलांच्या कारखान्यात खंडेनवमीला माग बंद ठेवून पूजा व्हायची. चालत्या यंत्राला हळदकुंकू लावायचं? छे! मी म्हटलं, "मालक, अप्पा सांगून गेलेत." तर मलाच ऐकवलं, "रीत तुमी शिकवू नका, मॅडम." झालं. मशीन बंद केलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, पेढे वाटले आणि पुन्हा सुरू केलं.

मशीन सगळं विसरलं होतं. संध्याकाळी घरोघरी टीव्ही आणि मोबाईल सुरू झाले, इंटरनेट रखडलं आणि माझ्या फोनवर शिव्यांचा पाऊस पडला. मालकांनी अप्पांना फोन लावला. स्पीकर चालू होता, मी स्वतः ऐकलं.

"अक्काला बसवा मशीनवर. त्यांना येतंय. मी हितनं सांगतो."

मी उठलेसुद्धा होते. मालकांनी हाताच्या खुणेनं खाली बसवलं. "मॅडम फोन घेतील. बाईमाणसानं काय उलटसुलट केलं म्हणजे? तासाभराची तर वाट हाय, या की."

"मालक, आई..."

"लोकं दारात येतील माझ्या! या लगेच."

बाईमाणूस! माझी बोटं काय नुसती फोन उचलायला होती?

अप्पा मोटारसायकलवर आले. बसलेसुद्धा नाहीत, उभ्याउभ्याच चार ओळी टाइप केल्या. इंटरनेट पळायला लागलं. मालकांनी पेढा पुढे केला. अप्पा तो न घेताच जिना उतरले. परतीच्या वाटेवर वळसंगच्या पुढं गेले असतील, तेवढ्यात त्यांना बहिणीचा फोन आला. आई गेली होती.

आईचं दिवसकार्य झाल्यावर अप्पा ऑफिसात आले. मालक म्हणाले, "वाईट झालं. देवाची इच्छा. पण त्या दिवशी तुमी आलात म्हणून अब्रू वाचली बघा."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडा की हो अप्पा! टेबल उलटं करा! पण अप्पा खाली बघून एवढंच म्हणाले, "व्हय, मालक."

मग मीच ओरडले. "देवाची कसली इच्छा? मला चार ओळी लिहू दिल्या असत्या तर हा माणूस आईजवळ असता!"

"मॅडम, आवाज खाली."

नाही केला खाली.

तेवढ्यात अप्पांच्या टेबलावरचा फोन वाजला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. खिशातून मशीनच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली, दाराशी चपला घातल्या आणि निघून गेले. त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत.

फोन वाजतच होता. मालक माझ्याकडे बघत म्हणाले, "घ्या की, मॅडम."

मी हाताची घडी घातली.