राफ्टखालचा आवाज

मुलीचं कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात तिने मला विचारलं, "आई, अलास्काला येशील? टेन डेज, नदीतून राफ्टने. गाइड असते सोबत."

दुबईच्या अल बर्शात वीस वर्षं काढलेल्या मला नदी म्हणजे पावसानंतर दोन दिवस वाहणारी वादी, वाळवंटातला कोरडा ओढा. तरी मी लगेच हो म्हणाले. जिथे रस्ताच पोचत नाही तिथे माणसं काय खातात, कुठे झोपतात, हे मला पाहायचं होतं.

गाइड बाईंचा ईमेल आला: पाणी बर्फासारखं असतं, तेव्हा गार पाण्यात दोन मिनिटं हात बुडवून मग लाइफ जॅकेटचं बक्कल लावायचा सराव करा. आता जुलैमध्ये आमच्या गार पाण्याच्या नळाखालीही हाताला चटका बसतो. मी खालच्या ग्रोसरीतून बर्फाच्या सहा पिशव्या मागवल्या.

"भाभी, पार्टी है क्या?" दुकानदाराने फोनवर विचारलं.

"नहीं, नदी है," मी म्हटलं. पिशव्या दहा मिनिटांत दारात आल्या.

टबात हात बुडवून मी बसले. मुलगी मोबाइलवर वेळ लावून उभी. हात बाहेर काढले तर बोटं माझी नव्हतीच. बक्कल तीनदा निसटलं.

"बक्कलला फॉर्टी सेकंड्स. आई, यू आर डेड," ती म्हणाली. चौथ्या दिवशी मात्र जमलं.

ऑगस्टमध्ये छोट्या विमानाने आम्हाला, गाइडना आणि आणखी चौघांना नदीच्या गोट्यांच्या काठावर उतरवलं आणि ते निघून गेलं. राफ्ट पाण्यात सरकली आणि पायाखालून सुर्रर्र असा बारीक आवाज सुरू झाला. थांबेचना. हवा जातेय, माझी खात्री झाली. मी गुपचूप कडेच्या रबरावरून तळवा फिरवू लागले.

"आई, डोन्ट. सगळे बघतायत."

तासभर मी कसाबसा दम धरला. मग गाइडना विचारलंच, "राफ्ट पंक्चर आहे का?"

त्या हसल्या नाहीत. वल्हं पाण्यात तसंच धरून त्यांनी त्याचा दांडा माझ्या कानाला लावला. आवाज एकदम मोठा झाला, तव्यावर रवा भाजताना येतो तसा.

"वरच्या हिमनदीने दळलेला दगड आहे हा," त्या म्हणाल्या. "त्याचं पीठ राफ्टच्या तळाला घासतंय."

"म्हणजे डोंगर वाहून चाललाय? किती दिवसांत संपेल?"

"ते मला नाही सांगता येणार."

मग मुलीने वल्हं मागितलं. डोळे मिटून ती इतका वेळ ऐकत राहिली की राफ्ट आडवी फिरली आणि उथळ पाण्यात गोट्यांवर रुतली.

"खाली उतरा, ढकला!" गाइड ओरडल्या.

घोटाभर पाण्यात उतरून आम्ही जोर लावला. राफ्ट सुटता सुटता मी ओंजळभर राखाडी पाणी उचललं आणि बोटांत चोळून पाहिलं. पीठ इतकं बारीक की हाताला कणसुद्धा लागला नाही.