मागच्या दाराचं कुलूप

नेलिदा सुल्का चौदा वर्षं इस्त्री करते आहे. लिमाच्या कापडबाजारात, चौथ्या मजल्यावर, आमच्या जीन्सच्या कारखान्यात. मनगटांवर भाजल्याचे डाग, खिशात भाजलेला मका. आम्ही अठरा जण. कामगारांनी सुरक्षेसाठी आपल्यातला एक जण निवडायचा, असा कायदा आहे. दुसरं कोणी तयार होईना, म्हणून तिला निवडलं.

तिने तो कायदा खरंच वाचला. पानं भिंतीला टाचून, जीन्स सरळ करता करता. मग एके सकाळी मालकांसमोर उभी राहिली.

"मालक, मागच्या दाराला कुलूप आहे."

"चोऱ्या होतात, नेलिदा."

"काम चालू असताना ते आतून, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. जबाबदारी तुमची. लिहिलंय."

"पुढचं दार आहे की. तीन मिनिटांत सगळे तिथून बाहेर आले तर कुलूप राहील. नाही आले तर काढतो. कबूल?"

"कबूल."

मी थक्क झाले. पुढचं दार तर वीस पावलांवर होतं.

"मावशी, हरलीस तू."

"बघू," ती मका चघळत म्हणाली.

गुरुवारी दहाला घंटा वाजली. नेलिदा बाहेर जिन्यावर, हातात घड्याळ. कोणी मुद्दाम रेंगाळू नये म्हणून मालक आत. मशिनं थांबली. आम्ही धावलो.

सर्वांत पुढे शिवणकाम करणारी सातुर्निना. दारात वॉचमन सेनोनचं टेबल. ती थांबली. बॅग टेबलावर ठेवून चेन उघडली. सेनोनने डबा उचलून पाहिला, मान हलवली. मग पुढची बाई. रोज संध्याकाळी लागते तशी रांग लागली. मीही बॅग उघडून उभी होते. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

"सरका की," बटणं लावणारा एलिओदोरो मागून म्हणाला, "कोळसा झालो इथे."

"कोळशाचीही बॅग बघणार," सेनोन म्हणाला.

सर्वांत शेवटी मालक. त्यांनीही आपली चामडी बॅग टेबलावर ठेवली. सेनोनने ती उघडली, वर पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"नऊ मिनिटं," नेलिदा म्हणाली.

मालक किल्ली शोधायला गेले. टेबलाचे खण पाहिले, कपाट पाहिलं. किल्ली नव्हती. कधीपासून नव्हती, तेही कोणाला सांगता येईना. आमचं हसणं थांबलं.

सेनोनने लोखंड कापायची करवत आणली. मालकांनी स्वतः चालवली. कडी तुटली, नेलिदाने खांद्याने दार ढकललं. ऊन. लोखंडी जिना. खालच्या गल्लीतून तळणाचा वास. चौदा वर्षांत हा जिना तिने पाहिला नव्हता.

"घंटा वाजव," ती मला म्हणाली. "परत."

"आत्ता? ऑर्डर अडलीय, बाई," मालक म्हणाले.

"सराव कामाच्या वेळातच करायचा. तेही लिहिलंय."

या वेळी सेनोनने टेबल आधीच भिंतीला उभं केलं. दोन्ही दारं, एक मिनिट चाळीस सेकंद. गल्लीत सगळे धापा टाकत होते, मालकसुद्धा. सातुर्निना नेलिदापाशी आली आणि सवयीने बॅग उघडून पुढे धरली.

नेलिदाने आत न बघता चेन लावून टाकली.