कोपऱ्यातला माणूस

ब्रह्मदेवाने सृष्टी घडवल्यावर ती वापरात आणण्याआधी आमच्या हिच्या मामांकडे तपासायला पाठवली असती, तर तुम्ही-आम्ही अजून जन्माला यायचेच असतो. मामांनी सूर्य दोनदा परत पाठवला असता, चंद्रावरचे डाग 'बनावटीतला दोष' म्हणून दाखवून दिले असते, आणि समुद्राच्या कडा सगळीकडे सारख्या का नाहीत असं विचारून ब्रह्मदेवाला चारही तोंडांनी निरुत्तर केलं असतं. मामा मोजणी खात्यातून निवृत्त झाले. उभा जन्म लोकांच्या शेतांचे कोपरे शोधण्यात गेल्यामुळे, जगात जे काही बिघडतं ते कोपऱ्यात बिघडतं, मधे सगळं ठीकच असतं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. हॉटेलात डोसा आला की ते आधी त्याच्या कडा न्याहाळतात. जळगावात मेहरूणला त्यांचं घर आहे. तिथे पलंगावरची चादर चारही बाजूंनी सारखी लोंबते की नाही, हे मामी पट्टीने मोजून घेतात म्हणे. पलंगाशेजारी पट्टी मी स्वतः पाहिली आहे, मोजताना मात्र कुणाला पाहिलेलं नाही.

अशा माणसाने गेल्या दिवाळीत कॅमेरा घ्यायचं ठरवलं. त्याला कारण अक्का. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, माझ्या सासूबाई. धुळ्याला एकट्याच राहायच्या. होळीनंतर मुलगा त्यांना कायमचं सुरतेला नेणार आणि डोळ्यांतले मोतीबिंदूही तिथेच काढणार, असं ठरलं होतं. जाताना तुला काय हवं, असं भाऊबीजेला मामांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, "माले काहीच नको. एक फोटो काढी दे. मना दोन्ही भाऊ एकच फोटोमां पाहिजेत."

मागणं सोपं नव्हतं. कारण त्या दोन भावांतले एक हे मामा आणि दुसरे नाना, आणि दोघांची बोलाचाल कित्येक वर्षं बंद होती. नाना सोनगीरला वडिलोपार्जित शेती करतात. भांडण बांधाचंच, पण उलटं. निवृत्त झाल्यावर हात सळसळतात म्हणून मामांनी घरचाच बांध मोजायला काढला, आणि वाटणीत नानांची वीतभर जमीन आपल्याकडे आली आहे, असा शोध लावला. ती परत घ्या म्हणून ते नानांच्या मागे लागले. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. नाना भडकले. "भाऊभाऊमां टेप लावस का रे तू?" असं म्हणून त्यांनी ती टेप विहिरीत फेकली. जमीन देण्यावरून तुटलेले भाऊ सबंध खानदेशात हेच असतील. तेव्हापासून घरच्या प्रत्येक लग्नात फोटोच्या एका टोकाला मामा आणि दुसऱ्या टोकाला नाना, मधे अख्खं गोत.

अक्कांची मागणी मोडायची नाही आणि नानांजवळ उभंही राहायचं नाही, यावर मामांनी शास्त्रीय तोडगा काढला. "जावईबापू," ते मला म्हणाले, "अक्का मधे बसेल, नाना त्या टोकाला, मी या टोकाला. आता अडचण अशी की लेन्स मधे खणखणीत आणि कडेला मऊ, म्हणजे पुसट असते. कोपऱ्यातला माणूस मधल्या माणसाइतकाच स्वच्छ आला पाहिजे. तशी लेन्स मिळाली की लगेच फोटो." हे 'लगेच' माघ संपेपर्यंत चाललं. दुकानदार जुन्या ओळखीतला. त्याने लेन्स बदलता येणारा एक आटोपशीर मिररलेस कॅमेरा मामांना दिला आणि त्याच्या लेन्स एकेक करून तपासायला दिल्या. मामांनी एकदा त्याच्या प्लॉटची मोजणी केली होती. त्यात त्याची जागा दोन फूट कमी भरली होती, हे तो बहुधा विसरला असावा.

पहिली कसोटी भिंतीची. लेन्स सरळ रेघा वाकवते का हे बघायला विटांची भिंत उत्तम, म्हणून मामांनी शेजाऱ्याच्या बिनगिलाव्याच्या कंपाउंडसमोर कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं लावलं. रोज सकाळी ते डोळा बारीक करून विटा न्याहाळायचे, फोटो काढायचे, 'हं' म्हणायचे आणि घरात जायचे. मोजणी खात्याचा निवृत्त माणूस आपल्या कंपाउंडचे रोज फोटो काढून 'हं' म्हणतो, याचा जो अर्थ कुणीही लावेल तोच शेजाऱ्याने लावला. आठवडाभर तो नीट जेवला नाही. शेवटी त्याने गवंडी बोलावून भिंत पाडली आणि हातभर आत सरकवून नव्याने बांधली, वर गिलावाही केला. मग मिठाईचा पुडा घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, आता तरी मिटवा." मामांना त्यातलं काहीच कळलं नाही. ते सुतकी चेहऱ्याने मला म्हणाले, "माझी भिंत पाडली हो त्याने. आता नवी लेन्स मागच्या लेन्सशी कशावर ताडून पाहू?"

दुसरी कसोटी वजनाची. कॅमेरा छोटा असला तरी म्हाताऱ्या मानेला किती झेपेल, हे आधी समजायला हवं. दुकानदाराचा कॅमेरा उगाच गळ्यात वागवणं मामांच्या सचोटीत बसेना. म्हणून त्यांनी भाजीवाल्याच्या तराजूत कॅमेरा टाकला आणि दुसऱ्या पारड्यात असोद्याची भरताची वांगी. नुसता कॅमेरा एका वांग्याचा भरला, लेन्ससकट दोन वांग्यांचा. मग मामा गळ्यात कॅमेऱ्याची पिशवी आणि पिशवीत दोन वांगी घालून रोज मेहरूण तलावाला फेरी मारू लागले. वाटेत कुणी विचारलं तर "लेन्ससकट चाललोय" एवढंच सांगत. मोठी लेन्स मिळाली त्या दिवशी पिशवीत तिसरं वांगं आलं. संध्याकाळी त्या दिवशीच्या लेन्सचं भरीत व्हायचं. मामी एकदा मला हळूच म्हणाल्या, "जावईबापू, लवकर एखादी पसंत करायला सांगा हो. नाहीतर हे चवथ्या वांग्यावर जायचे."

मधे झूम नसलेल्या लेन्सची पाळी आली. "हिच्यासाठी पुढेमागे आपणच व्हायचं, पाय हेच झूम," असं सांगत मामा ती लेन्स घेऊन नात्यातल्या एका लग्नाला गेले. मंगलाष्टकं सुरू झाली. नवरा-नवरी, भटजी, दोन्हीकडचे मामा, सगळे फ्रेममधे यावेत म्हणून हे मागे मागे सरकू लागले. मंडप ओलांडला, आचाऱ्यांची कढई ओलांडली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या टायरच्या दुकानात जाऊन स्थिरावले. तिथून सगळं छान दिसत होतं, फक्त अंतरपाट केव्हाच दूर होऊन वऱ्हाड जेवायला बसलं होतं. त्या लग्नाचा त्यांचा एकमेव फोटो माझ्याकडे आहे. त्यात टायर अप्रतिम आले आहेत.

होळी जवळ आली, तरी लेन्स ठरेना. एका लेन्सचा डावा कोपरा मऊ, दुसरीचा उजवा, तिसरीचे चारही चांगले तर मधेच काहीतरी. अक्का फोनवर एवढंच विचारायच्या, "व्हयना का रे फोटो?" आणि मामा म्हणायचे, "बस, एक लेन्स राहिनी." अक्का फोन ठेवायच्या. मग मामा बराच वेळ लेन्सची काच पुसत बसायचे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. शेवटी अक्कांनीच हुकूम सोडला: रविवारी सोनगीरला नानांच्या शेतात भरीत पार्टी, झाडून सगळ्यांनी यायचं.

मामा असोद्याची वांगी आणि कॅमेरा घेऊन आले. नानांनी कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून वांगी भाजायला घेतली. दोघांचं संभाषण अक्कांमार्फत चाललं होतं. नाना म्हणाले, "अक्का, त्याले सांग, वांगा चांगला शेतस." मामा म्हणाले, "अक्का, त्याले सांग, जाळ कमी कर." दोघांच्या मधे चार हातांचं अंतर नसेल. कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत पोटभर खाऊन झाल्यावर मामांनी तिकाटणं उभं केलं, नेमकं त्याच बांधावर. पाठीमागे सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी, मधे बाजेवर अक्का, हातात कौतुकाने घेतलेलं एक न भाजलेलं वांगं. नाना मुकाट्याने सवयीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मामांनी एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहिला, मान हलवली आणि लेन्स बदलली. पुन्हा पाहिलं, पुन्हा बदलली. ऊन उतरत चाललं. प्रत्येक वेळी नानांचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा येत होता. मामांच्या कपाळाला घाम आला. "हिच्याही कडा बाद," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "आता लेन्सच उरली नाही."

तेव्हा अक्का बाजेवरून म्हणाल्या, "अरे भाऊ, काच कशाले बदलस? तुम्हीच सरका ना जरासा!"

मामांनी एकदा हातातल्या लेन्सकडे पाहिलं, एकदा नानांकडे. जन्मभर कोपरे शोधणाऱ्या माणसाला मधली जागा आज पहिल्यांदा दिसली असावी. त्यांनी टायमरचं बटण दाबलं आणि धोतर-चप्पल सांभाळत धावत सुटले. नानाही अक्कांच्या मागे सरकले. दोघांच्या मधे पुन्हा वीतभर जागा उरली, तेव्हा नानांनी हात टाकून मामांना ओढून घेतलं आणि म्हणाले, "हाई वीत कोनी रे?" अक्का खदखदून हसल्या, मामा हसले, आणि कॅमेरा वाजला.

फोटोत कॅमेऱ्याने फोकस धरला तो वांग्यावर. देठावरचा काटा न् काटा मोजून घ्यावा इतकं ते वांगं स्वच्छ आलं आहे, आणि त्यामागे तीन भावंडांचे तीन धुरकट, हसरे ठिपके. मामा पार खचले. पुन्हा काढू म्हणाले, पण तोवर ऊन टेकडीमागे गेलं होतं आणि अक्कांनी कॅमेरा डोळ्यांशी धरला होता. "कितला भारी फोटो शे!" त्या म्हणाल्या, "माले तं तुम्ही असाच दिसतस." तोच फोटो मोठा करून, चौकटीत घालून त्या सुरतेला घेऊन गेल्या.

मामांच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. उन्हाळ्यात अक्कांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा मामा मुद्दाम सोनगीरला गेले, नानांना शेजारी बसवलं आणि व्हिडिओ कॉल लावून म्हणाले, "अक्का, आता तुला नीट दिसतं. तो फोटो फेकून दे. मी नवी लेन्स आणतो, आम्ही दोघं सुरतेला येतो, चांगला काढू."

अक्का कितीतरी वेळ पडद्यावरच्या दोघांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आते बठ्ठं साफ दिसस रे भाऊ. तुम्ही दोन्ही किती म्हतारा व्हई गयात! तुम्ही या, पन कॅमेरा नका आनू. मना तो फोटोच बरा शे."

मामांनी दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या सगळ्या लेन्स परत केल्या. कुठली पसंत पडली, असं त्याने विचारलं, तेव्हा त्यांनी वांग्याच्या फोटोची लेन्स तेवढी बाजूला काढली आणि ती कॅमेऱ्यासकट बांधून द्यायला सांगितली. "कडा मऊ आहेत तिच्या, साहेब," दुकानदार म्हणाला.

"असू दे," मामा म्हणाले. "आम्ही मधे उभे राहतो."