सांडव्यावरची पहिली गोणी

बेडशाच्या पुढं डोंगराला चिकटून आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर आमचं धरण. धरण कसलं, मातीचा लांब बांध! वलवणचं धरण बघितलेला माणूस हसेलच. पण खालच्या सगळ्या विहिरी त्याच्याच पाझरावर जगतात, खरंच सांगतो. बाजूला सांडवा आहे, जास्तीचं पाणी तिथून ओढ्याला जातं. दसरा झाला की गाव त्या सांडव्यावर मातीच्या गोण्या रचतं. पाणी हातभर जास्त साठतं, उन्हाळ्यात तेवढंच कामाला येतं.

त्या वर्षी भाद्रपदातच कडक ऊन पडलं आणि सगळ्यांना घाई झाली. पाऊस गेला, चला! मीपण कंपनीत सुट्टी टाकून गेलो, गोण्या उचलल्या, रील बनवली, लय मजा आली.

आणि मग परतीचा पाऊस आला. थांबायचं नावच घेईना. सकाळी बांधावर गेलो तर पाणी काठाला टेकलेलं, एका जागी वरून ओघळतसुद्धा होतं. मातीच्या बांधावरून एकदा पाणी वाहायला लागलं की बांध गेलाच. गोण्या काढायलाच पाहिजेत. पण सांडव्याच्या तोंडाशीच आमचं भाताचं खाचर. लोंब्या भरलेल्या. एवढं पाणी एकदम सुटलं की भात संपला.

सगळं गाव उभं, पण गोणीला कुणी हात लावेना. आमच्याकडं रीतच आहे, ज्याच्या शेतावर पाणी जाणार, पहिली गोणी त्यानंच काढायची. म्हणजे नंतर कुणी कुणाला बोल लावायचा नाही.

चुलता ओरडला, "दादा, काढा की! बांध फुटला तर तुमचं खाचर ऱ्हातंय व्हय?"

पप्पा म्हणाले, "रचायला समद्यांनी उड्या मारल्या. आन् काढायला मी!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, खाली लेकरं हायती रं."

"माजीबी हायती की, मावशी."

मी पुढं झालो, "पप्पा, मी काढतो."

"सातबारा तुज्या नावावर हाय का? हो मागं!"

ते कमरेएवढ्या पाण्यात उतरले, वाकले आणि पहिली गोणी ओढली. मग सगळे तुटून पडले. पाणी असं सुटलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

बांध वाचला. दुपारी खाचरात नुसते दगड आणि वाळू. मध्येच एखादी लोंबी वर आलेली, बस्स.

पहिल्या दिवशी अख्खं गाव दगड वेचायला आलं. मग हळूहळू आम्हीच उरलो. उन्हाळ्यात विहिरींना पाणी राहिलं, बायका आईला म्हणायच्या, "तुमच्यामुळं, वयनी." आई हंडा उचलून चालायला लागायची. यंदा त्या खाचरात लावणी झालीच नाही, चिखल करायला मातीच नाही.

फार्महाऊसवाल्यांना जमिनी मिळवून देणारा एक एजंट आहे. पप्पा त्याला आधी शेताच्या बांधावरूनच हाकलायचे. परवा तो घरी आला, तर त्यांनी आईला चहा ठेवायला सांगितला.