किरकोळ कारणावरून

भाजीत मीठ जास्त झालं म्हणून एकानं बायकोच्या डोक्यात तवा घातला. वरातीत हवं ते गाणं लावलं नाही म्हणून नवरदेवाच्या मामानं डीजेवाल्याला फोडलं. शेजाऱ्याचं कोंबडं अंगणात आलं म्हणून दोन घरांतली सात माणसं दवाखान्यात गेली, कोंबडं मात्र सुखरूप. तामलवाडीच्या आसपासच्या असल्या बातम्या मी वीस वर्षं जिल्ह्याच्या एका दैनिकाला धाडतो आहे. सकाळी पोलीस ठाण्यात फोन लावायचा आणि चहा संपेपर्यंत मोबाईलवर चार ओळी बडवायच्या. सुरुवात ठरलेली, किरकोळ कारणावरून. मोठ्या कारणांवरून आमच्याकडं कुणी कुणाला मारत नाही, ती लोक मुकाट सोसतात. खोटं कशाला बोलू, मला या बातम्यांची मजा वाटायची. हॉटेलात बसून मी त्या रंगवून सांगायचो.

मग भांडण आमच्याच बांधावर आलं. चुलत्यांच्या ट्रॅक्टरनं बांध कोरून दोन तास आत घेतले, असं वडिलांचं म्हणणं. आधी तुम्हीच कोरला, असं चुलत्यांचं. दोन तास म्हणजे नांगराच्या दोन रेघा, हातभर पट्टी, त्यात मेथीच्या चार जुड्या निघायच्या नाहीत. पण सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं. मोजणी झाली, ती दोघांनाही पटली नाही. आणि एके सकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, अंगणात कुऱ्हाडीला धार लावताना दिसले.

"बाभळीच्या फांद्या सवळायच्यात," म्हणाले.

आमच्या रानात बाभळ नाही. माझी पाचावर धारण बसली, कारण ही वाट मला पाठ आहे. अबोला, मोजणी, धार. चौथं पाऊल मी लिहितो.

ती कुऱ्हाड मी कडब्यात दडवली, तर आण्णांनी बाजारातून दुसरी आणली. ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "काही घडू तरी द्या." शेवटी मी एक शहाणपणा केला. आण्णांना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून रोज सकाळी भावकीच्या मारामाऱ्यांच्या माझ्याच बातम्या मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो. बांधापायी दोन्ही घरं कशी बुडतात, हे त्यांच्या डोक्यात उतरावं म्हणून. ते मन लावून ऐकायचे. मला वाटलं, औषध लागू पडतंय.

आठवड्यानं त्यांनी विचारलं, "त्यानं मागनं घातली का म्होरनं?"

दुसऱ्या दिवशी विचारलं, "म्हाताऱ्या माणसाला जामीन लवकर मिळतो म्हणं. किती दिसांत सुटला त्यो?"

मला माहिती द्यायची खोड. तोंडातून निघून गेलं, "तीन महिन्यांत." ते "बरं" म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

आता आशा एका येळवशीची तेवढी राहिली होती. वेळा अमावास्येला आमच्याकडं सगळा गाव रानात जेवतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून आंबील पाजायची. त्या दिवशी आंबिलीला कुणी नाही म्हणत नाही, वैरीसुद्धा. आमची दोन्ही घरांची कोप कायम एकच असायची. यंदा बांधाच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक होती. आण्णा आमच्या कोपीच्या तोंडाशी बसले होते, कुऱ्हाड मांडीला लावून.

मी आंबिलीचा तांब्या भरला आणि बांध ओलांडला. तात्या, माझे चुलते, घोंगडीवर बसले होते. लहानपणी यांच्याच खांद्यावर बसून मी येळवशीला यायचो. घोंगडीच्या घडीतून कुऱ्हाडीचा दांडा बाहेर आला होता.

"तात्या, आंबील घ्या," मी म्हणालो.

त्यांनी तांब्या तोंडाला लावला, पार रिकामा केला, मिशा पुसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"तुझ्या बातम्या वाचतो म्या रोज," ते म्हणाले. "लई झ्याक लिवतोस. त्यो बांधावरच्या खुनातला म्हातारा सुटला का रं?"

"न्हाय तात्या," मी खोटं बोललो. "आतच हाय अजून. लई हाल हायत त्याचे."

तात्या हसले. "येडाच हायस. तूच लिवलं हुतंस की, तीन महिन्यांत जामीन झाला म्हणून."

मी परत फिरलो. बांध दोन्ही बाजूंनी इतका कोरलाय की त्यावर एक पाऊल जेमतेम मावतं. आण्णांनी विचारलं, "पिला का?"

"सगळी. आजीच्या हातासारखी झालीया म्हणाले."

हेही खोटंच. आण्णा बराच वेळ पलीकडच्या कोपीकडं बघत राहिले. मग मला बसायला जागा व्हावी म्हणून त्यांनी कुऱ्हाड दुसऱ्या मांडीकडं सरकवली.

याला पंधरा दिवस झाले. आता सकाळी ठाण्यात फोन लावायच्या आधी मी दोन्ही घरांत डोकावून येतो. मला फार भीती वाटते. काल हात थांबेना, सवयीनं बातमी लिहूनच ठेवली. किरकोळ कारणावरून सख्ख्या भावाचा खून. गावाचं नाव लिहिलंय, हत्यार लिहिलंय. मयताचं वय तेवढं कोरं सोडलंय. आण्णा चौऱ्याहत्तरचे आहेत, तात्या एकाहत्तरचे.