तळ्याकाठची झोप

सिंगापुरातल्या तमाम मराठी मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, तळ्याकाठी तंबू ठोकल्यानं झोप लागत नाही. कधीच लागत नव्हती. हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे — आणि आजवर मी ते कुणाला, अगदी सख्ख्या बहिणीलाही, सांगितलेलं नाही.

माझा नवरा श्रीकांत जहाजावर चीफ इंजिनियर आहे. चार-चार महिने वॉच, म्हणजे इंजिनावरचा पहारा, सांभाळायचा, त्याच धडधडीत झोपायचं, आणि मग रजेवर आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये. तिथं इतकी शांतता, की त्याला झोपच येत नाही. एकदा सकाळी उठून बघते तर काय — मसाल्याच्या सगळ्या डब्यांवर लेबलं, तारखेसकट. हिंगावर लिहिलं होतं, ‘तपासला’. अशा माणसाबरोबर तुम्ही राहिला असता का? मी राहते.

तर त्या रजेत आमच्या सईनं कॅम्पिंगचा हट्ट धरला. परमिट काढलं, तंबू घेतला, उबिन बेटावर जायला बमबोटीत बसलो. जुनी लाकडी बोट, डिझेलचा वास, पायाखाली इंजिन दणदणतंय — आणि श्रीकांत बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून, गाढ झोपला. दहा मिनिटांचा तर प्रवास. सई तिच्या सिंगापुरी मराठीत म्हणाली, “आई, व्हिडिओ काढ लाह, बाबा सो फनी.” मी काढला.

तंबू झाडीत लावला. जवळच जुन्या दगडखाणीत पाणी साठून झालेलं तळं, हिरवंगार. अंधार पडला, सई झोपली, आणि श्रीकांत बाहेर तंबूच्या खुंट्या तिसऱ्यांदा तपासत होता. मी आपली आडवी होऊन सकाळचा व्हिडिओ, बोटीच्या धडधडीसकट, बघत होते. तो आत आला, शेजारी पडला — आणि झोपला. मी व्हिडिओ थांबवला, त्यानं डोळे उघडले. पुन्हा लावला, घोरायला लागला. आता मी काय करायला हवं होतं? मी फोन उशीखाली सरकवला आणि तो व्हिडिओ रात्रभर फिरत ठेवला.

सकाळी तो तळ्याकडे बघत उभा होता. इतकं ताजंतवानं मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. “माधवी,” तो म्हणाला, “या पाण्यात काहीतरी आहे.” आणि मी — मी म्हटलं, “हो रे, इथली हवाच वेगळी.”

तेव्हापासून दर रजेत आम्ही दोन रात्री तिथं तंबू ठोकतो, आणि गणपती असो की दिवाळी, घरी असला की तो तळ्याचं माहात्म्य सांगतो. विद्यापीठात संशोधन करणारा आमच्या ओळखीतला निनाद, पेपरच्या काळजीनं झोप उडालेली, बिचारा ते ऐकून तळ्याकाठी राहायला गेला. परत आला तो डासांनी फोडून काढलेला, डोळे तसेच तारवटलेले. श्रीकांत म्हणाला, “एका खेपेत काय होतंय, राजा? पुन्हा जा.” मी निनादच्या पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं.

पण हा कबुलीजबाब निनादबद्दलचा नाही. अजून मी आडवळणानंच बोलतेय, नाही का?

त्याचा आनंद मोडू नये म्हणून मी बोलले नाही — असं मी स्वतःला सांगते. खोटं आहे ते. त्याला कळलं असतं, तर घरीही रोज रात्री बमबोट सुरू झाली असती, आणि मला ती धडधड सहन होत नाही. म्हणून. तंबूत दोन रात्री मी कानात कापूस घालून काढते. घरी मला शांत झोप हवी होती. दर रजेत तो छताकडे बघत पडायचा, आणि त्याचं औषध त्याच्या डोक्याशी, माझ्या फोनमध्ये, चार्जिंगला लावलेलं असायचं. मी कूस बदलून विचारायची, “दूध गरम करून देऊ का?” सहा वर्षं.

गेल्या महिन्यात पुन्हा तिथंच गेलो होतो. उजाडायच्या सुमारास फोनची बॅटरी संपली. एकदम शांतता. श्रीकांत ताडकन उठून बसला, डोकं तंबूच्या दांडीवर आपटलं, डोळे अजून मिटलेलेच. मी शेजारी, बंद पडलेला फोन मुठीत धरून, झोपेचं सोंग घेऊन पडले होते. तो मात्र आजूबाजूच्या तंबूंना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

“अरे, इंजिन बंद पडलं. वॉचवर कोण आहे?”