तळ्याकाठचं पान

पद्मराज मगदुमाला लाज वाटायला कारण लागत नसे. बोरगावात तंबाखूच्या रानात वाढलेला हा माणूस मॅट्रिक झाला, बेळगावच्या कचेरीत कारकून म्हणून लागला, आणि त्या दिवसापासून आपल्याच घराकडे चोरट्या नजरेनं बघू लागला. कचेरीत तो 'न्हाय'ला 'नाही' म्हणायचा, 'व्हय'ला 'होय'. गावाकडचे आप्पा-अण्णा भेटायला आले, की त्यांना फाटकाबाहेरच्या चिंचेखाली नेऊन बोलायचा. माणूस वाईट नव्हता हो. आईवर जीव होता, बायकोला कधी वाकडा शब्द नाही. पण चार लोकांत आपण गावंढळ दिसू, ही धास्ती त्याच्या मानगुटीवर कायमची बसलेली.

सन अडतीसच्या उन्हाळ्यात त्यानं घरच्यांना हॉटेलात न्यायचं ठरवलं. खानापूरच्या पलीकडे, रानाच्या कडेला, एका लाकडाच्या कंत्राटदारानं तळ्याकाठी हॉटेल काढलं होतं. खास कुटुंबवाल्यांसाठी. पोरांना झोपाळे, तळ्यात होडी, बसायला बाकं. कचेरीतली मंडळी तिथं जाऊन आली की आठवडाभर दुसरं काही बोलत नसत. आपणही असं बोलावं, एवढीच त्याची हौस.

त्याची आई ब्राह्मीबाई, घरात सगळे तिला आव्वा म्हणत, तिनं एकच गोष्ट विचारली.

"दिवस मावळायच्या आत जेवायला मिळंल न्हवं रं?"

जैनाच्या घरात हा साधा प्रश्न. अंधारात दिव्यापाशी किडे येतात, नकळत ताटात पडतात, खाणाऱ्याच्या हातून जीव जातो. म्हणून सूर्य बुडाला की अन्न नाही आणि आव्वाला तर पाण्याचा थेंबही नाही. पद्मराजनं स्वतःही जन्मात रात्रीचा घास घेतला नव्हता. फक्त कचेरीत कोणी संध्याकाळी जेवायला बोलावलं, तर तो पोट बिघडल्याचं सांगायचा.

"मिळतंय की. मी कळवलंय त्यास्नी," तो म्हणाला. कळवलं काहीच नव्हतं. तिथं गेल्यावर सांगू म्हणाला मनाशी.

आव्वानं तरीही दशम्या आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधली. ते गाठोडं त्यानं निघताना काढून ठेवायला लावलं. "हॉटेलात गाठोडं सोडून बसतंय व्हय कोण? लोक हसतील." शालननं, त्याच्या बायकोनं, गाठोडं मुकाट्यानं फडताळात ठेवलं.

दुपारी पोचले. तळं खरंच देखणं होतं. सहा वर्षांची चंपू झोपाळ्याकडे पळाली, आव्वा पाण्याकाठच्या बाकावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बरं केलंस रं आणलंस." पद्मराजची छाती फुगली. तो जेवणाचं सांगायला व्यवस्थापक शामूअण्णांच्या टेबलापाशी गेला, आणि तिथंच पाय जमिनीला चिकटले. समोर त्याच्याच कचेरीतले चिटणीससाहेब उभे.

साहेब शामूअण्णांना खणखणीत आवाजात सांगत होते, "आमच्या आईचं सोवळ्यातलं असतं. वेगळी शेगडी हवी, आणि पाणी आमच्याच घागरीतलं."

आता कोणाही शहाण्याला वाटलं असतं, साहेब मागतात तर आपणही मागावं. पद्मराजला वाटलं, साहेबांना शोभतं ते. आपण मागितलं तर म्हणतील, बघा, आला बोरगावकर.

"तुमचं काही खास?" शामूअण्णांनी विचारलं.

शब्द घशापर्यंत आला होता. साहेबांनी मान वळवून बघितलं आणि तो तिथून पोटात गेला.

"नाही, काही नाही. सगळ्यांबरोबरच."

सगळ्यांबरोबर म्हणजे रात्री आठला.

ऊन उतरलं. आव्वानं हातपाय धुतले, पदर सावरला आणि पुन्हा बाकावर येऊन बसली. ताट येईल म्हणून. पद्मराज स्वयंपाकघराकडे जाऊन आल्यासारखं करायचा आणि सांगायचा, "आचारी जरा मागं पडलाय." दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. शालननं फाटकावरच्या बाईकडून केळी आणून चंपूला दिली. आव्वापुढेही धरली, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, जेवायचंच हाय आता." तळ्यापलीकडच्या झाडांमागं सूर्य गेला, पाणी काळं झालं. आव्वा उठली.

"असू दे रं. एक रात न्हाय जेवलं तर काय हुतंय? तू नगं मनाला लावून घिऊ."

शालन नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यानं त्याचे कान तापले.

आठला घंटा झाली. पद्मराज खोलीच्या दाराशी उभा होता, तेवढ्यात साहेबांची हाक आली, "अहो मगदूम, चला! घरची मंडळी कुठंयत?"

"त्यांचं... डोकं दुखतंय जरा."

आणि गेला! पाटावर बसला, गॅसबत्तीखाली, साहेबांच्या शेजारी. भाताचा पहिला घास तोंडात फिरत राहिला. बत्तीभोवती किडे भणभणत होते. एक आमटीत पडला, पाय झाडत राहिला. पद्मराजनं तो बोटानं हळूच बाजूला काढला आणि पुढचा घास घेतला. इतका कोडगेपणा आपल्यात कुठून आला, त्याचं त्याला कळेना.

शामूअण्णा वाढत वाढत त्याच्यापाशी आले. "वहीत आत्ता नाव बघितलं, तुम्ही बोरगावचे मगदूम ना? मग दुपारी सांगायचं नाही का? निपाणीकडची तुमची जैन मंडळी येतात, त्यांची पानं मी उन्हातच तळ्याकाठी मांडतो. एका शब्दाचं काम होतं हो."

साहेबांचा हात थांबला. "म्हणजे तुम्ही जैन? मग हे रात्रीचं..."

 साहेबांनी त्याच्या ताटाकडे बघितलं. पद्मराज मेल्याहून मेल्यासारखा झाला. गावंढळ दिसू नये म्हणून केली ती सगळी खटपट, आणि दिसला त्याहून वाईट.

"त्येला म्याच सांगितलं जेव म्हणून."

दारात आव्वा उभी होती. एवढा वेळ लागला म्हणून लेकाला शोधत आली होती. तिनं पदर कपाळावर ओढला आणि साहेबांना म्हणाली, "डागदरांनी उपाशी ऱ्हाऊ नगं म्हटलंय त्येला. जेवू द्या." आणि गेली.

डॉक्टरचं तोंड पद्मराजनं वर्षात बघितलं नव्हतं. ताट तसंच सोडून तो उठला. खोलीत आव्वा भिंतीकडे तोंड करून निजली होती. झोपली नव्हती, पण त्याला हाक मारायचा धीर झाला नाही. आपली आई, जिनं तराजूच्या काट्याइतकंसुद्धा कधी खोटं केलं नाही, ती आपल्यापायी परक्यांसमोर खोटं बोलली, हे त्याला रात्रभर टोचत राहिलं.

सकाळी त्यानंच शामूअण्णांना गाठून जेवणाचं सांगितलं.  ऊन चढायच्या आत तळ्याकाठी पानं मांडली गेली. गरम भाकरी, वांग्याची भाजी, ताजं ताक. त्यानं आव्वाला हाताला धरून आणलं. ती पानासमोर बसली आणि हात मांडीवर ठेवून तशीच राहिली.

"जेव की आव्वा. कालपास्नं उपाशी हाईस," तो म्हणाला. कचेरीतली भाषा त्या सकाळी त्याला सुचलीच नाही.

"आज माझा उपास हाय."

"माझ्यापायी?"

"तुझ्या पापाचा उपास मला कसा लागंल रं? ज्याचं त्येनं करायचं." ती पाण्याकडे बघत होती. "काल माझ्या तोंडातनं खोटं गेलं. त्येचा हाय ह्यो."

शालननं मान फिरवली. पद्मराज तिच्यासमोर मातीतच बसला. पलीकडच्या बाकावरून चिटणीससाहेब बघत होते. पहिल्यांदाच त्याला त्याचं काही वाटलं नाही.

आव्वानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि त्याच्या हातात दिला.

"जेव," ती म्हणाली. "आता तर दिवस हाय."